एकल अल्बम आणि कर्तृत्वाचा प्रश्न : 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' या अल्बमच्या स्वीकाराचा इतिहास (१९९८ ते २०२४)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात अमेरिकेतील हिप-हॉप संगीताने उपेक्षित वस्त्यांमधील करमणुकीपासून राष्ट्रीय संस्कृतीच्या केंद्रापर्यंतचा प्रवास केला. या प्रवासातील निर्णायक टप्पा म्हणून २५ ऑगस्ट १९९८ रोजी प्रकाशित झालेल्या 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' या अल्बमचा उल्लेख केला जातो. 'फ्यूजीज' या त्रिकुटातून प्रसिद्धीस आलेल्या लॉरिन हिल यांचा हा पहिला एकल अल्बम होय. तो प्रकाशित झाला तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. सहा महिन्यांच्या आत या अल्बमला अमेरिकी संगीतक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान मिळाला. परंतु तत्पूर्वीच त्याच्या निर्मितीचे श्रेय कोणाचे, हा वाद न्यायालयात पोहोचला होता.

या दोन घटना सामान्यतः वेगवेगळ्या सांगितल्या जातात. सन्मानाची कथा संगीताच्या इतिहासात जाते, तर खटल्याची कथा चरित्रातील एक अप्रिय प्रकरण म्हणून उरते. प्रस्तुत लेखात या दोन्ही कथा एकत्र ठेवून अल्बमच्या स्वीकाराचा इतिहास तपासला आहे. 'एकल' हा शब्द एखाद्या कलाकृतीच्या प्रत्यक्ष सर्जनप्रक्रियेचे वर्णन करीत नाही. तो बाजारपेठ, कायदा आणि समीक्षा यांनी मिळून केलेली मांडणी असतो, आणि या अल्बमच्या यशाचे व वादाचे मूळ एकाच ठिकाणी, म्हणजे या मांडणीतच आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हिप-हॉपच्या इतिहासाचा प्रारंभ न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातील ११ ऑगस्ट १९७३ च्या एका घरगुती समारंभापासून मानण्याची प्रथा आहे. जमैकातून आलेल्या डीजे कूल हर्क यांनी तेथे दोन तबकड्यांच्या साहाय्याने गाण्यातील केवळ तालाचा भाग पुनःपुन्हा वाजविण्याचे तंत्र वापरले. त्या तालावर लयबद्ध बोलण्याची पद्धत म्हणजे रॅप. ही कला जन्मतःच सामूहिक होती. तबकड्या वाजविणारा, बोलणारा आणि नाचणारा समुदाय यांच्यातील देवाणघेवाणीतून ती घडत असे; लेखक, संगीतकार आणि गायक अशी विभागणी तिच्यात नव्हती.

ही कला ध्वनिमुद्रित होऊ लागली ती १९७९ पासून. त्या वर्षी न्यू जर्सी राज्यातील एंगलवूड येथील 'शुगर हिल रेकॉर्ड्स' या कंपनीने पहिले व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी रॅप गीत बाजारात आणले. या कंपनीच्या संस्थापक सिल्व्हिया रॉबिन्सन या स्वतः गायिका व निर्मात्या होत्या. म्हणजेच ध्वनिमुद्रित रॅपच्या आरंभी एक स्त्री निर्माती उभी होती. असे असूनही पुढील दोन दशकांत निर्मितीची सूत्रे जवळजवळ पूर्णपणे पुरुषांच्या हाती राहिली. एमसी लाइट यांचा १९८८ मधील आणि क्वीन लतीफा यांचा १९८९ मधील पदार्पणाचा अल्बम यांमुळे स्त्री रॅपरला एकल कलावंत म्हणून मान्यता मिळाली. तथापि स्त्रीचा आवाज आणि पुरुषाची निर्मिती ही रचना टिकून राहिली. १९९७ मध्ये गाजलेला मिसी एलियट यांचा पदार्पणाचा अल्बमही टिंबलँड यांच्या निर्मितीसाठी तितकाच ओळखला गेला.

प्रस्थापित संस्थांनी हिप-हॉपचा स्वीकार संथपणे केला. ग्रॅमी पुरस्कारांत रॅपसाठी स्वतंत्र विभाग १९८९ साली सुरू झाला. परंतु तो पुरस्कार दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार नाही, असे ठरल्याने अनेक नामनिर्देशित कलावंतांनी समारंभावर बहिष्कार घातला. याच दशकात टुपाक शकूर (सप्टेंबर १९९६) आणि नोटोरियस बी.आय.जी. (मार्च १९९७) या दोन अग्रगण्य रॅपरांच्या हत्या झाल्या आणि हिंसा हीच हिप-हॉपची ओळख आहे, या समजाला वृत्तपत्रांतून बळ मिळाले.

हिल यांची जडणघडण याच काळात झाली. २६ मे १९७५ रोजी न्यू जर्सीतील ईस्ट ऑरेंज येथे जन्मलेल्या हिल यांनी शालेय वयातच वायक्लिफ जाँ आणि प्रास मिशेल यांच्यासह गायनास प्रारंभ केला. हैतीशी नाते असलेल्या या सहकाऱ्यांमुळे समूहाने 'रेफ्युजी' म्हणजे निर्वासित या शब्दापासून आपले नाव घेतले. हैतीतून येणाऱ्या निर्वासितांना हिणविण्यासाठी वापरला जाणारा शब्द येथे अभिमानाने धारण केला गेला. फ्यूजीजचा पहिला अल्बम (१९९४) फारसा चालला नाही. मात्र फेब्रुवारी १९९६ मधील 'द स्कोअर' या दुसऱ्या अल्बमने जगभर यश मिळविले आणि १९९७ मध्ये दोन ग्रॅमी पुरस्कार प्राप्त केले. १९९७ मध्येच वायक्लिफ जाँ यांचा एकल अल्बम आला. समूहातील मतभेद वाढत असताना हिल यांनी स्वतःच्या अल्बमचे काम हाती घेतले.

शीर्षक, रचना आणि आशय

अल्बमच्या शीर्षकाला एक वैचारिक पूर्वपीठिका आहे. इतिहासकार कार्टर जी. वुडसन यांचा 'द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो' हा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. गुलामगिरीत जन्मलेल्या आईवडिलांच्या पोटी १८७५ मध्ये जन्मलेल्या वुडसन यांनी १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह साजरा करण्याची प्रथा सुरू केली. शाळा जे शिकविते त्यातूनच कृष्णवर्णीय विद्यार्थी स्वतःला हीन मानावयास शिकतो, हे त्यांच्या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन होते. शिक्षणाचा अभाव ही समस्या नसून चुकीचे शिक्षण ही समस्या आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सॉनी कार्सन यांच्या आत्मचरित्रावर आधारित १९७४ च्या चित्रपटाच्या नावाचाही या शीर्षकाशी संबंध जोडला जातो.

हिल यांनी ही कल्पना सामाजिक क्षेत्रातून व्यक्तिगत जीवनात आणली. अल्बमचा प्रारंभ वर्गातील हजेरीने होतो. शिक्षक एकेक नाव पुकारतात. लॉरिन हिल हे नाव येते तेव्हा उत्तर मिळत नाही. पुढे गाण्यांच्या दरम्यान त्याच वर्गात मुलांशी प्रेमाविषयी चर्चा चालू राहते. शिक्षकाचा आवाज रास बराका यांचा आहे. कवी अमिरी बराका यांचे पुत्र असलेले रास बराका त्या काळी न्यूअर्क येथे शिक्षक होते. २०१४ मध्ये ते त्या शहराचे महापौर झाले. वर्गात अनुपस्थित असलेली विद्यार्थिनी वर्गाबाहेर काय शिकली, याची नोंद म्हणजे हा अल्बम, अशी ही योजना आहे. प्रेमभंग, सहकाऱ्यांशी दुरावा, प्रसिद्धीचा ताण, श्रद्धा आणि मातृत्व हे तिचे विषय आहेत. १९९७ मध्ये जन्मलेल्या पहिल्या अपत्याला उद्देशून रचलेल्या 'टू झायन' या गीतात व्यवसायासाठी मातृत्व नाकारण्याच्या सल्ल्याला दिलेले उत्तर आहे. कारकीर्द ऐन भरात असताना एका स्त्री कलावंताने असा विषय हिप-हॉपच्या चौकटीत मांडणे त्या काळी दुर्मीळ होते.

संगीताच्या दृष्टीनेही हा अल्बम वेगळा होता. जुन्या ध्वनिमुद्रिकेतील तुकडा उचलून नव्या रचनेत बसविण्याच्या तंत्राला 'सॅम्पलिंग' म्हणतात. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने विनापरवाना सॅम्पलिंगविरुद्ध कठोर निर्णय दिल्यानंतर हे तंत्र खर्चिक व जोखमीचे झाले होते. हिल यांनी सॅम्पलिंग पूर्णपणे सोडले नाही. परंतु प्रत्यक्ष वाद्यवादनावर मोठा भर दिला. न्यूयॉर्कमधील चुंग किंग स्टुडिओ आणि बॉब मार्ले यांनी स्थापन केलेला किंग्स्टन येथील टफ गाँग स्टुडिओ यांत ध्वनिमुद्रण झाले. कार्लोस सँटाना यांची गिटार, मेरी जे. ब्लाइज आणि डी'अँजेलो यांचे गायन, तसेच पुढे जॉन लेजंड या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे पियानोवादन यांचा त्यात समावेश आहे. याशिवाय जुन्या रचनांचे धागेही अल्बममध्ये आहेत. 'लॉस्ट वन्स' या गीतात जमैकाच्या सिस्टर नॅन्सी यांच्या १९८२ मधील 'बॅम बॅम' या गीताचा अंश येतो. आणि त्या गीताचे मूळही 'मेटल्स' या समूहाच्या १९६६ मधील रचनेत आहे. सारांश, एका व्यक्तीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अल्बममध्ये अनेक हातांचे आणि अनेक पिढ्यांचे काम एकवटले आहे.

प्रारंभीचा स्वीकार : १९९८-९९

अल्बमला मिळालेला प्रतिसाद अभूतपूर्व होता. पहिल्याच आठवड्यात ४ लाख २२ हजारांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि 'बिलबोर्ड'च्या अल्बम सूचीत तो थेट प्रथम स्थानी आला. नोव्हेंबर १९९८ मध्ये 'डू वॉप (दॅट थिंग)' हे गीतही एकल गीतांच्या सूचीत पहिल्याच आठवड्यात प्रथम स्थानी पोहोचले. 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने देशभरातील समीक्षकांच्या केलेल्या वार्षिक मतचाचणीत हा अल्बम १९९८ सालासाठी दुसऱ्या स्थानी होता. ८ फेब्रुवारी १९९९ च्या 'टाइम' साप्ताहिकाने हिप-हॉपच्या वीस वर्षांचा आढावा घेताना मुखपृष्ठावर हिल यांचे छायाचित्र छापले.

२४ फेब्रुवारी १९९९ रोजी झालेल्या ग्रॅमी समारंभात दहा नामनिर्देशनांपैकी पाच पुरस्कार हिल यांना मिळाले. एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री कलावंत ठरल्या. 'वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम' हा सन्मान प्रथमच हिप-हॉप अल्बमला लाभला. बहिष्काराच्या घटनेला तेव्हा बरोबर दहा वर्षे झाली होती.

तथापि या सन्मानाचे स्वरूप बारकाईने पाहणे आवश्यक आहे. पाच पुरस्कारांपैकी दोन सर्वसाधारण विभागांतील आणि तीन रिदम अँड ब्लूज या विभागातील होते. रॅप विभागातील पुरस्कार हिल यांना मिळाला नाही. प्रस्थापित संस्थेने हिप-हॉपला सर्वोच्च स्थान दिले ते त्याच्या गेय रूपाला. समीक्षकांच्या प्रशंसेतही हीच छटा आढळते. हिंसेचे गौरवीकरण करणाऱ्या रॅपला पर्याय, नैतिक आशय, खरी वाद्ये, खरे गायन या निकषांवर अल्बमची थोरवी सांगितली गेली. त्यातून हिल यांच्या यशाचे माप अन्य हिप-हॉपच्या अवमूल्यनावर बेतले गेले. हिप-हॉपच्या अभ्यासक ट्रिशिया रोझ यांनी १९९४ मध्येच 'ब्लॅक नॉइज' या ग्रंथात रॅपचे तंत्र हीच एक स्वतंत्र संगीतविद्या असल्याचे दाखविले होते. परंतु मुख्य प्रवाहातील समीक्षेने तो विचार पुरेसा आत्मसात केला नव्हता.

या स्वीकाराचे दुसरे लक्षण म्हणजे एकमेव सर्जकाची प्रतिमा. अल्बमच्या श्रेयनामावलीत बहुसंख्य गीतांचे लेखन, संयोजन व निर्मिती हिल यांच्या नावे होती. लेखन, गायन, रॅप आणि निर्मिती ही सर्व अंगे सांभाळणारी तरुण स्त्री ही प्रतिमा कंपनीच्या प्रसिद्धीला उपयुक्त होती आणि समीक्षेला प्रिय होती. पुरुष निर्मात्याच्या छायेबाहेर स्त्री कलावंत उभी राहू शकते, हा तिचा ऐतिहासिक अर्थ खराच होता. पण प्रतिमा जितकी भव्य झाली, तितके इतर योगदान अदृश्य झाले.

खटला आणि कायद्याची चौकट

नोव्हेंबर १९९८ मध्ये, म्हणजे अल्बम विक्रीच्या शिखरावर असताना, 'न्यू आर्क' या नावाने एकत्र काम करणाऱ्या चार संगीतकारांनी न्यूअर्क येथील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. अल्बममधील अनेक गीतांच्या लेखनात व निर्मितीत आपला मोठा वाटा असून त्याचे योग्य श्रेय व मोबदला मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हिल यांच्या पक्षाने हा दावा नाकारला. फेब्रुवारी २००१ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. त्यामुळे कोणत्या गीतात कोणाचा किती वाटा होता, या प्रश्नावर न्यायालयीन निर्णय कधीच झाला नाही.

हा वाद व्यक्तींमधील तक्रारीपुरता मर्यादित नव्हता, हे कायद्याची चौकट पाहिली असता स्पष्ट होते. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार दोन किंवा अधिक कर्त्यांनी आपापले योगदान एकसंध कृतीत विलीन व्हावे, या हेतूने केलेली रचना ही 'संयुक्त कृती' ठरते. १९९१ मध्ये 'चिल्ड्रेस विरुद्ध टेलर' या खटल्यात न्यूयॉर्क ज्याच्या कक्षेत येते त्या अपील न्यायालयाने याचा संकुचित अर्थ लावला : प्रत्येक पक्षाचा परस्परांना सहकर्ता मानण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे. याच निकषावर जून १९९८ मध्ये 'रेंट' या संगीत नाटकाच्या संहितेला आकार देण्यात साहाय्य करणाऱ्या लिन थॉमसन यांचा सहकर्तृत्वाचा दावा फेटाळण्यात आला. थोडक्यात, प्रत्यक्ष केलेल्या कामापेक्षा प्रमुख कलावंताने इतरांकडे कोणत्या नात्याने पाहिले, याला अधिक महत्त्व आले. न्यू जर्सी राज्य त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. तरी कर्तृत्वाविषयीची त्या काळातील विधिविषयक धारणा यावरून समजते.

हिप-हॉपच्या स्टुडिओत काम मात्र निराळ्या रीतीने होते. एक जण ताल बसवितो, दुसरा गिटारचा सूर सुचवितो, तिसरा एखादा शब्द बदलतो, आणि यांतून काय ठेवावे व काय टाकावे, हे प्रमुख कलावंत ठरवितो. निवड करणारी दृष्टी हे कर्तृत्व आहे. सुचविलेला सूर हेही कर्तृत्व आहे. कायद्याला आणि श्रेयनामावलीला मात्र या दोहोंत स्पष्ट रेषा हवी असते. ब्राँक्समधील सामूहिक कलेचे ध्वनिमुद्रित मालमत्तेत रूपांतर झाले, तेव्हापासून हा ताण अस्तित्वात होता. हिल यांच्या अल्बमने तो निर्माण केला नाही. त्याच्या असाधारण यशामुळे तो लपून राहू शकला नाही, इतकेच.

येथे एक लिंगभावविषयक प्रश्नही उपस्थित होतो. संगीतक्षेत्रात अनेक पुरुष निर्मात्यांनी साहाय्यकांच्या मोठ्या ताफ्यासह काम केले आहे. त्यांच्या प्रतिभेविषयी अशी शंका सहसा घेतली गेली नाही. हिल यांच्याबाबत मात्र एका खटल्यावरून त्यांचे संपूर्ण कर्तृत्व संशयित ठरविण्याची प्रवृत्ती दिसून आली. या प्रवृत्तीवर टीका करणे योग्यच आहे. परंतु तिच्यावरील टीका चार अल्पज्ञात संगीतकारांचा श्रेयाचा हक्क नाकारण्याचे साधन होता कामा नये. दोन्ही पक्षांना भिन्न प्रकारच्या अदृश्यतेला तोंड द्यावे लागले, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य आहे.

मौन आणि पुनर्मूल्यांकन

तडजोडीनंतर २००२ मध्ये हिल यांच्या एका प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण प्रकाशित झाले. गिटारच्या साथीने एकटीने गायिलेल्या नव्या गीतांच्या या संग्रहाला संमिश्र प्रतिसाद मिळाला. पहिल्या अल्बमला २०२३ मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तोपर्यंत त्यांचा दुसरा एकल स्टुडिओ अल्बम आला नव्हता. या दीर्घ मौनाचा अर्थ परस्परविरुद्ध रीतीने लावला गेला. काहींना त्यात सहकाऱ्यांवाचून निर्मिती अशक्य असल्याचा पुरावा दिसला, तर काहींना रेकॉर्ड कंपन्यांच्या व्यवस्थेला दिलेला नकार. दोन्ही अर्थ लावताना अनुपस्थितीलाच पुरावा मानले जाते. इतिहासलेखनात अशा पुराव्याचा वापर सावधपणे करावा लागतो.

अल्बमची प्रतिष्ठा मात्र वाढत गेली. मार्च २०१५ मध्ये जाहीर झालेल्या २०१४ च्या यादीद्वारे 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत त्याचा समावेश झाला. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या पाचशे सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या यादीत २०१२ मध्ये त्याचे स्थान ३१४ वे होते; २०२० मध्ये ते १० वे झाले. मधल्या काळात अल्बम बदलला नव्हता. मत देणारे बदलले होते. नव्या यादीसाठी कलावंत, निर्माते व समीक्षक यांचे अधिक व्यापक मंडळ नेमले गेले होते आणि रॉक संगीताला केंद्रस्थानी मानणारी जुनी श्रेणीरचना ढासळली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये या अल्बमला एक कोटी एककांचे 'डायमंड' प्रमाणपत्र मिळाले. २०२४ मध्ये 'अ‍ॅपल म्युझिक'ने निवडलेल्या शंभर सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या यादीत तो प्रथम स्थानी होता.

याच काळात अल्बमच्या आशयाचीही फेरतपासणी झाली. पत्रकार व लेखिका जोन मॉर्गन यांनी २०१८ मध्ये या अल्बमच्या वीस वर्षांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. स्त्रियांच्या आत्मसन्मानाचा पुरस्कार करताना त्यांच्या पोशाखाविषयी व वर्तनाविषयी उपदेश करणारा सूर अल्बममध्ये कोठे कोठे उमटतो, या प्रश्नाची चर्चा नव्या पिढीने केली. २०१८ मध्येच पियानोवादक रॉबर्ट ग्लास्पर यांनी एका मुलाखतीत श्रेयाचा जुना वाद पुन्हा उपस्थित केला. हिल यांनी लेखी उत्तरात स्वतःची तुलना वास्तुशिल्पकाराशी केली : कारागीर कुशल असतात, पण वास्तूची कल्पना व निर्णय शिल्पकाराचे असतात. ही उपमा वादाचा गाभा नेमका दाखविते. वास्तू शिल्पकाराच्या नावाने ओळखली जावी, यात अनुचित काही नाही. परंतु कारागिरांची नावे कोठे आणि कशी नोंदवावीत, हा प्रश्न त्या उपमेनंतरही उरतोच.

समारोप

'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' या अल्बमच्या स्वीकाराचा इतिहास हा प्रशंसा, वाद, मौन आणि पुनर्मूल्यांकन या चार अवस्थांचा इतिहास आहे. या चारही अवस्थांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर आला : सामूहिक परंपरेतून आलेल्या कलेचे कर्तृत्व एका नावाशी जोडताना काय साधते आणि काय हरवते? एका नावामुळे कृष्णवर्णीय स्त्री निर्मातीला तिच्या पूर्वसूरींना न मिळालेले स्थान मिळाले. त्याच नावामागे स्टुडिओतील सहकारी दडले, आणि पुढे तेच नाव संशयाचे लक्ष्य झाले.

संगीताच्या इतिहासकाराने या प्रकरणात हिल यांच्या बाजूचा किंवा विरुद्ध बाजूचा निवाडा देण्याची आवश्यकता नाही. तो निवाडा देण्याइतका न्यायालयीन पुरावाही उपलब्ध नाही. श्रेयनामावली हा निर्मितीचा निखळ आरसा नसून करार, सवयी आणि सत्तासंबंध यांतून घडलेला दस्तऐवज आहे, हे ध्यानात घेऊन तो वाचणे मात्र आवश्यक आहे. वुडसन यांनी १९३३ मध्ये पाठ्यपुस्तकांविषयी हाच प्रश्न विचारला होता : इतिहासात नावे कोणाची येतात, आणि ती कोण ठरवितो? ज्या अल्बमने त्यांच्या ग्रंथाचे नाव धारण केले, त्याच्या अभ्यासकाला तो प्रश्न त्या अल्बमच्या श्रेयनामावलीलाही विचारावा लागतो.